वाकडं हेड

कॅसेटच्या कार्डावर निळ्या शाईने मीच लिहिलेलं आहे, ‘कानबाई 1993, बाजू अ’. बाजू बवर ‘आशिकी’ची गाणी आहेत. ती पुसायला मन धजावलं नव्हतं, म्हणून मोठ्या मायच्या, म्हणजे आजीच्या, वाट्याला कॅसेटची एकच बाजू आली. तीस मिनिटं. अकरावीतल्या पोराचा न्याय, दुसरं काय.

दोनेक वर्षांपूर्वी आईची पत्र्याची ट्रंक आवरताना ती सापडली. घरात टेप म्हणून काही उरलेलं नव्हतं. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डेक मिळवला. चांगला, वजनदार, काटे हलणारा, त्या काळी धुळ्यात ज्याच्याकडे असेल त्याचं नाव व्हावं असा. देवपूरच्या घरी आणला, कॅसेट घातली, बटण दाबलं. आवाज आला, पण गोधडीत तोंड खुपसून कुणी गावं तसा. चाल कळत होती, शब्द कळत नव्हते. त्या रात्री दहा-बारा बायका टाळ्या वाजवत होत्या, हातभर बांगड्या होत्या प्रत्येकीच्या. त्यातलं काहीच नव्हतं. मला वाटलं फीत गेली. तीस वर्षांत पोलादाचा खिळा टिकत नाही, आणि फितीवरचा तो तपकिरी थर म्हणजे मुळातच लोखंडाचा गंज. गंजाने आणखी काय गंजायचं, असंही वाटलं. पण वाईट वाटत असतं तेव्हा माणूस असले विनोद करतो.

वाडीभोकर रोडला आत एका गल्लीत एक कारागीर आहे. आता तो मिक्सर आणि कूलरच्या मोटारी करतो, पण एके काळी आमच्या भागातले निम्मे टेप त्याच्या टेबलावरून गेले आहेत. डेक रिक्षात घालून त्याच्याकडे नेला. त्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, “आवाज मरेल नई शे भाऊ. हेड वाकडं शे.”

मला नव्या डेकचा राग आला. एवढे पैसे मोजले होते.

“यानं नई,” तो म्हणाला. “तुमना त्या टेपनं वाकडं व्हतं.”

तो टेप, मुंबईच्या मनीष मार्केटातून काकांनी आणलेला, केव्हाच भंगारात गेला होता. त्याचं हेड कसं होतं हे हा माणूस त्याने भरलेल्या कॅसेटवरून सांगत होता, जसं एखादा चपलेच्या झिजेवरून चालणाऱ्याचा पाय सांगेल.

तेव्हा त्याने सांगितलं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. कॅसेटमधली फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद. तिच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू, उरलेल्या अर्ध्यावर दुसरी. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने ती हेडसमोरून सरकते. स्टुडिओतल्या मोठ्या रिळांचा वेग अडतीस सेंटिमीटर असतो, म्हणजे आठपट. वेग कमी म्हणून कॅसेटवर आवाजाच्या लाटा फार दाटीने बसतात. बांगडीची किणकिण, ‘स’ आणि ‘श’चा सुस्कारा, टाळीची धार, असले बारीक आवाज सेकंदाला दहा हजार कंपनांच्या आसपास खेळतात. अशी एक लाट फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागा घेते. केसाची जाडी त्याच्या दहापट तरी भरेल. लिहिणाऱ्या हेडची फट फितीला काटकोनात नसून एका अंशाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकी जरी कललेली असली, तरी त्या लाटा तिरप्या लिहिल्या जातात. सरळ हेड त्या वाचायला गेलं की वरच्या अर्ध्या भागात लाटेचा माथा येतो तेव्हा खालच्या अर्ध्या भागात तिचा खळगा, आणि दोघं मिळून शून्य. जाड आवाज वाचतात, कारण त्यांच्या लाटा लांब. बारीक आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. ते फितीवर असतात, पण वाचता येत नाहीत.

म्हणजे आमच्या घरात तो टेप वाकडा होता आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. वाकडं लिहायचा, वाकडंच वाचायचा, आणि सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मित्राकडून आणलेली कॅसेट आमच्याकडे बसकी वाजायची तेव्हा आम्ही मित्राच्या टेपला नावं ठेवत असू. तोही आमच्या टेपला ठेवत असणार.

कारागिराने डेकचं झाकण काढलं. हेडच्या दोन्ही बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यातला एक स्प्रिंगवर बसवलेला, त्यावर कंपनीने लाल लाखेचा थेंब टाकून ठेवलेला. तो थेंब त्याने टोकाने फोडला. मला कसंतरीच झालं. कॅसेट चालू ठेवून त्याने बारीक पेचकस लावला आणि हात जेमतेम हलवला. पाव फेरासुद्धा नाही. आधी फितीची सरसर वाढली, पावसाची सर जवळ यावी तशी. मग बांगड्या आल्या. एकदम आल्या, सगळ्यांच्या मिळून, जणू दाराबाहेर थांबलेल्या बायका आत शिरल्या. मग टाळ्यांना धार आली आणि मोठ्या मायचं तोंड गोधडीतून बाहेर निघालं. त्याने हात आणखी थोडा पुढे नेला, पुन्हा सगळं बुडालं. मागे आणला, परत आलं. दुकानात मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, “कानबाईनं गानं शे ना हाई?”

सरळ डेक मोठ्या मायपुरता वाकडा झाला. आता त्यावर दुसरी कुठलीही कॅसेट नीट वाजत नाही.

कॅसेटच्या आवाजाला ‘चांगला’ की ‘वाईट’ म्हणायचं, असा वाद हल्ली तरुण मुलं घालतात. त्यांना कॅसेट पुन्हा आवडू लागली आहे. मी त्यात पडत नाही. आमच्या वेळी तो प्रश्न असा नव्हताच. आग्रा रोडला गाणी भरून देणारी दुकानं होती. वहीतल्या पानावर वीस गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची किंवा त्याचीच घ्यायची, आणि दोन दिवसांनी जायचं. साठची घ्यायची की नव्वदची यावर गल्लीत मतं असत. नव्वदमध्ये गाणी जास्त मावतात, पण तेवढ्याच डबीत जास्त लांबी बसवायची म्हणून फीत पातळ करतात. साठची सुमारे अठरा मायक्रॉन, नव्वदची बारा. पातळ फीत ताणली जाते, उन्हाळ्यात रबराच्या चाकाला गुंडाळली जाते, आणि मग ती बाहेर ओढून रेनॉल्ड्सच्या पेनाने परत फिरवत बसायचं. टीडीके आणि सोनी ही श्रीमंती, टी-सिरीज आणि मेलट्रॅक हे रोजचं जेवण. दुकानदार घाईत असला तर दुप्पट वेगाने उतरवायचा आणि गाणं धूसर व्हायचं. शेवटच्या गाण्याला फीत पुरायची नाही, ते कडव्याच्या मध्यात तुटायचं. कित्येक गाणी माझ्या डोक्यात आजही तिथेच तुटतात.

फिलिप्सने ही डबी 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. लू ओटेन्स नावाच्या अभियंत्याच्या हाताखाली ती तयार झाली होती, आणि ती संगीतासाठी नव्हतीच. बोलणं टिपून घ्यायची सोय एवढाच तिचा हेतू. गाणं त्यात नंतर घुसलं. आपल्याकडे तर असं घुसलं की 1980 नंतरच्या दहा वर्षांत एचएमव्हीच्या तबकड्यांची सद्दी संपली, गुलशन कुमारांच्या कॅसेटी पानाच्या टपरीवर लटकू लागल्या, आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज प्रत्येक एसटी स्टँडवर पोचला. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेट भरायला दोन टेप आणि एक वायर पुरे. मोठी माय तबकडीवर कधीच आली नसती.

फितीच्या त्या सरसरीचीही एक गोष्ट आहे. रे डॉल्बी हा माणूस 1963 ते 65 ही दोन वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. ही सरसर दाबायची युक्ती त्याच काळात त्याच्या डोक्यात घोळत होती. परत गेला आणि 1965 मध्येच लंडनला त्याने कंपनी काढली. युक्ती साधी आणि हुशार आहे. भरताना हळू आणि बारीक आवाज मुद्दाम वाढवून लिहायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर सरसरही खाली जाते. घरोघरच्या कॅसेटींत तिचा साधा अवतार आला, त्याला डॉल्बी बी म्हणत. आमच्याकडे मात्र ज्यांच्या टेपवर डॉल्बीचं बटण होतं, ते ते बंदच ठेवत. कारण विकतच्या कॅसेटी वाढवून लिहिलेल्या असत, आणि बटण बंद ठेवलं की आवाज ‘खुलतो’. झांजा चमकतात. सरसर येते तर येऊ दे. आमच्या पिढीने डॉल्बीचं अर्धंच औषध घेतलं, आणि आता गणपतीत ‘डॉल्बी’ म्हणजे कानठळ्या असा त्या बिचाऱ्याच्या नावाचा अर्थ झाला आहे. ज्याने आयुष्यभर नको तो आवाज कमी करायचं काम केलं त्याचं हे असं.

तर ती रात्र. नागपंचमीनंतरचा रविवार. खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं की त्या दिवशी घरात कानबाई बसते. नारळाची, नथ-खणाने सजवलेली. रोट होतात, गंगाफळाची भाजी होते, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, रात्रभर जागर, आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नाचत नदीवर. आम्ही पांझरेवर जात असू. एकवीरेच्या देवळाच्या अंगाला गर्दी फार, म्हणून थोडं बाजूला.

जागराच्या मध्यात लाइट गेली. तेव्हा हे नवीन नव्हतं. दीपनगरला, आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, वीज तयार होते आणि आमच्याकडे कंदील लागतो, हा वडिलांचा ठरलेला विनोद होता. मी टेपमध्ये चार मोठे सेल घातले. ते संपत आलेले होते. सेल उन्हात वाळवले की थोडा वेळ परत चालतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण श्रावणात ऊन कुठलं, म्हणून दुपारीच मी ते खापराच्या चुलीशेजारी शेकायला ठेवले होते आणि त्यापायी बोलणीही खाल्ली होती. टेप मोठ्या मायच्या समोर पाटावर ठेवला. लाल आणि काळी अशी दोन बटणं एकत्र दाबली. मोठी माय म्हणाली, “यामा जास का मन्हा आवाज?” हे टेपवर आहे. पहिलंच वाक्य.

या लहान टेपांना एक सवय होती. आवाजाची पातळी ते आपली आपण ठरवत. समोर गाणं चालू असलं की कान मिटून घेत, गाणं थांबलं की कान टवकारत. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधल्या जागेत सगळं घर फितीवर वर उसळून येतं. आग्रा रोडवरचा ट्रक चढावर गिअर बदलतो. कुठेतरी कुत्रं. आतल्या खोलीत काकू कुणाला तरी कुजबुजत्या आवाजात सांगते की भाजीत मीठ दोनदा पडलंय आणि ते तिने टाकलेलं नाही. तिला वाटलं होतं कुणी ऐकत नाही. तिची कुजबुज मोठ्या मायच्या गाण्याइतकीच खणखणीत उतरली आहे. मग दुसरं गाणं सुरू होतं आणि काकू, ट्रक, कुत्रं सगळे परत खाली बसतात.

आता सेलची गोष्ट. सेल उतरत गेले तशी मोटार हळू झाली. फीत सावकाश सरकू लागली. सावकाश फितीवर लिहिलेला आवाज पुढे नेहमीच्या वेगाने वाजवला की चढतो. म्हणून बाजू अ ऐकताना असं होतं की सुरुवातीला मोठी माय पंचाहत्तरीची आहे. घोगरी, दम घेत घेत गाणारी. दहाव्या मिनिटाला पन्नाशीची वाटते. विसाव्या मिनिटाला कुणी सासुरवाशीण, आणि शेवटी शेवटी तर परकर-पोलक्यातली मुलगी उड्या मारत गाते आहे, तिच्या टाळ्याही भराभर पडताहेत. मी पहिल्यांदा हे सबंध ऐकलं तेव्हा आधी हसलो. मग बंद केलं.

पुण्यातला भाचा ध्वनीचं काम करतो. त्याने संगणकावर उतरवून घेतलं, सरसर काढली, ट्रक काढला, आणि पाठवलं. स्वच्छ होतं. पण मोठी माय हौदात बसून गातेय असं वाटत होतं. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, मामा, वेग तरी सरळ करून देतो, फक्त खरी पट्टी सांग. तिथे घोडं अडलं. मोठ्या मायला पेटी नव्हती, तंबोरा नव्हता. रोज ज्या सुरात यायचं त्या सुरात गायची. सोपानदेवांनी बहिणाबाईंची गाणी वहीत उतरून घेतली आणि 1952 मध्ये ती छापून आली, तेव्हा पट्टी कुणी विचारली नाही. शाई कुठल्याही वेगाने वाचता येते. फितीचं तसं नाही. तिला वेग सांगावाच लागतो, आणि चुकीचा सांगितला तर बाई बदलते.

भाच्याने वाट काढली. चोविसाव्या मिनिटाला फितीवर एकदम कल्ला आहे, “लाईट उनी, लाईट उनी!” आणि त्यानंतर मागे एक बारीक गुणगुण सुरू होते. आमच्या ओसरीवरच्या ट्यूबलाइटचा चोक. टेप सेलवरच राहिला, वायर आत माजघरात होती आणि उठायला कुणी तयार नव्हतं, पण चोक विजेवर गुणगुणत होता. वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, चोक त्याच्या दुप्पट, म्हणजे शंभर. भाच्याने मोजलं तर फितीवर ती गुणगुण 108 भरली. म्हणजे तेवढ्या हिश्शाने फीत उतरवायची की झालं. मला त्याचं कौतुक वाटलं. भिंतीवरच्या घड्याळासारखा तो चोक तीस वर्षं तिथे वाजत होता.

पण त्या काळी आपल्याकडचे पन्नास हे पन्नासच असत असं नाही. संध्याकाळी ताण आला की वीज 49 च्याही खाली घसरे, रात्री उशिरा पन्नासच्या वरही चढे. तेवढ्याने साधारण तीन टक्क्यांचा फरक पडतो. सा आणि कोमल रे यांच्यात सहा टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे त्याच्या निम्मी जागा अनिश्चित. भाच्याला ही जागा क्षुल्लक वाटली. मला नाही वाटली.

शेवटी डेक आणि कॅसेट घेऊन पुन्हा कारागिराकडे गेलो, आणि या वेळी आईलाही नेलं. त्या रात्रीच्या बायकांपैकी आता तीच आहे. मोठी माय तेव्हा ज्या वयाची होती त्याच्या आसपास आता ती आली आहे. दुकानात तिला स्टूल दिलं. मोटारीच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून वेग कमी-जास्त करता येतो. कारागिराने चोविसावं मिनिट लावलं. मी आईला म्हटलं, बरोबर वाटलं की थांब म्हण.

तिने थांब म्हटलंच नाही. गाणं ऐकलं आणि ती गायला लागली. दुकानात, रस्त्याकडे पाठ करून, बारीक आवाजात. शब्द तिला सगळे येत होते, मला त्यातले निम्मे नवीन होते. टेप तिच्या वर चालला होता, तिला पोचता येत नव्हतं. कारागीर माझ्याकडे बघेना. त्याने पेचकस हळूहळू फिरवत टेप खाली आणला, आणखी खाली, आईच्या आवाजाला येऊन टेकेपर्यंत. मग हात काढून घेतला. दोघी एका सुरात होत्या. मागे मी माझ्या मोबाइलवर चोक मोजला. 93.

93 म्हणजे वीज त्या रात्री साडेशेहेचाळीसवर चालू होती असं मानावं लागेल. तेवढ्यावर दीपनगरची जनित्रं सुटून पडली असती आणि अर्धा महाराष्ट्र अंधारात गेला असता. भाच्याला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं. मी मोबाइल खिशात टाकला.

गाणं संपलं. फितीवर कुठला तरी ट्रक वर आला, नेहमीपेक्षा जड, सावकाश. आईने पदर नीट केला. कारागिराने ड्रॉवरमधून त्याच्या बायकोची असावी अशी नेलपॉलिशची बाटली काढली, एक थेंब हेडच्या स्क्रूवर टाकला, एक मोटारीच्या भोकात, आणि वाळायला फुंकर घालत म्हणाला, “आते हालाव नई.”